आधी सावली, मग पाणी, मग कोरफड

रविवारी समुद्रावर घेतलेलं ऊन सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात येतं. अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी वैद्य म्हणून काम करते. एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-पुण्याची माणसं नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर दिवसभर पाण्यात खेळतात आणि रात्री पाठ टेकवता येत नाही म्हणून तळमळत बसतात. सकाळी येतात तेव्हा खांदे, मान आणि पावलांचे वरचे भाग लालबुंद झालेले असतात आणि त्यावर स्वयंपाकघरातलं काहीतरी फासलेलं असतं. कुणी लिंबाची फोड चोळलेली असते, कुणी खायचा सोडा, कुणी हळद, कुणी बर्फाचे खडे थेट कातडीवर धरलेले. एका तरुणाच्या पाठीवर टूथपेस्टचा थर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तो थर भिजवून सोडवताना त्याला जे सोसावं लागलं, ते टाळता आलं असतं.

वनौषधींवर माझं पोट आहे आणि माझा विश्वासही आहे. म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. उन्हाने पोळलेल्या कातडीला घरच्या उपायांनी आराम पडतो, हे खरं आहे. पण ते उपाय मोजके आहेत आणि त्यांना एक क्रम आहे. पहिली सावली, दुसरं पाणी, तिसरी वनस्पती. आपल्याकडे सगळी चर्चा तिसऱ्या पायरीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. पहिल्या पायरीचं तर कुणी नावही घेत नाही, कारण ती कुणा एकाच्या घरात मिळत नाही.

आधी हे भाजणं होतं कसं, ते पाहू. कातडी पोळते ती सूर्याच्या अतिनील किरणांनी. उकाडा वेगळा आणि ही किरणं वेगळी. समुद्रावर गार वारा सुटलेला असतो, अंग ओलं असतं, त्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. किरणं मात्र आपलं काम करत राहतात. पातळ ढगांतूनही ती येतात. कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस साधारण २५ टक्के अतिनील किरणं परत उसळवतो, म्हणून टोपी घातलेल्या माणसाचीही हनुवटी आणि नाकाखालची जागा भाजते. पाण्यात अर्धा मीटर खाली गेलं तरी पृष्ठभागावरच्या किरणांपैकी सुमारे ४० टक्के तिथवर पोचतात. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलो म्हणजे खांदे वाचले, असं होत नाही.

त्यात आपला मे महिना. मेच्या मध्याला आमच्या भागात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. किरणांना वातावरणातून सर्वांत कमी अंतर कापावं लागतं ते अशा दिवसांत. आकाश निरभ्र असेल तर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती शेवटची, सर्वांत धोक्याची पायरी आहे. मोजमाप हाताशी नसेल तर जमिनीकडे बघावं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर उघड्यावर थांबायची ती वेळ नव्हे. हे मी शाळेतल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना एका दिवसात पाठ होतं, आणि मग तीच मुलं घरच्यांना हटकतात.

या भाजण्याची खोड अशी, की ते लगेच दिसत नाही. लाली तीन ते पाच तासांनी चढायला लागते आणि बारा ते चोवीस तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त होते. म्हणजे संध्याकाळी पाच वाजता कातडी नुसती कोमट लागत असते, तेव्हा आतली जळजळ अजून वाढायची असते. त्या वेळी माणूस म्हणतो, "काही नाही, थोडं रापलंय," आणि पुन्हा पाण्यात उतरतो. उपायाची खरी वेळ हीच असते. आधी उन्हातून बाजूला व्हायचं, आणि अंग लाल होण्याची वाट बघायची नाही.

मग पाणी. गोड्या, साध्या गार पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं. मीठ, वाळू धुतली जाते आणि दाह उतरतो. त्यानंतर जुनं मऊ सुती कापड, धोतराचा तुकडा किंवा धुतलेला पंचा पाण्यात भिजवून, थोडा पिळून, पोळलेल्या जागेवर अंथरावा. कोमट झाला की पुन्हा भिजवावा. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं. पाणी माठातलं चालतं, वाळ्याची जुडी घातलेलं असेल तर सुवासाने मनालाही बरं वाटतं. पण काम करतं ते पाणी. बर्फ मात्र थेट लावू नये. पोळलेली कातडी आधीच दुखावलेली असते, तिला थंडीचा दुसरा चटका बसतो आणि तिथे बधिरपणा आल्यामुळे तो कळतही नाही.

पाणी पोटातही जायला हवं. कातडी भाजली की तिच्यातून पाणी जास्त उडून जातं. आमच्या कोकणात आमसुलाचं सरबत आहे, कैरीचं पन्हं आहे, मीठ घातलेलं पातळ ताक आहे, शहाळं आहे. तहान लागेपर्यंत थांबू नये. सुट्टीच्या संध्याकाळी बाटल्या उघडणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, की दारू शरीरातलं पाणी आणखी कमी करते. त्या रात्री तरी ती नको.

आता कोरफड. माझ्या अंगणात ती भरपूर आहे आणि मी ती आनंदाने देते. पण पान तोडून थेट पाठीवर घासायचं नाही. पान कापलं की हिरव्या सालीच्या आतून पिवळा, कडू चीक गळतो. हाच चीक आटवून काळा बोळ होतो. पोटात घेतला तर तो जोराचे जुलाब आणतो आणि नाजूक कातडीवर लागला तर खाज उठवतो. म्हणून कापलेलं टोक खाली करून पान दहा-पंधरा मिनिटं पेल्यात उभं ठेवावं, चीक निथळू द्यावा, मग काटेरी कडा आणि साल काढून आतला पारदर्शक गर पाण्याने धुऊन घ्यावा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघावा. तिथे चुरचुरलं नाही तर पोळलेल्या जागेवर हलक्या हाताने, न चोळता पसरावा. फोड आलेले असतील किंवा कातडी फाटली असेल तिथे घरचा गर लावू नये, कारण तो निर्जंतुक नसतो.

या गराने गारवा मिळतो, ओलावा टिकतो, कातडीची ओढ कमी होते. उन्हाने पोळण्यावर कोरफड किती परिणाम करते याचे वैज्ञानिक पुरावे मोजकेच आहेत, आणि ते जेवढं सांगतात तेवढंच मीही रुग्णाला सांगते. किरणांनी पेशींच्या आत केलेली मोडतोड कोरफड दुरुस्त करत नाही. दुसरीही कुठली वनस्पती ते करत नाही. पुन्हा पुन्हा भाजल्याचा हिशोब कातडी ठेवते. अकाली सुरकुत्या, काळे डाग आणि काहींना पुढे त्वचेचा कर्करोग. आपल्या सावळ्या वर्णात तो गोऱ्या लोकांच्या मानाने बराच कमी आढळतो, पण म्हणून कातडी अभेद्य होत नाही. बाजारातल्या गडद हिरव्या जेलबद्दलही एक सांगते. त्यात रंग, सुगंधी द्रव्य आणि काही वेळा अल्कोहोल असतं, आणि पोळलेल्या जागी तेच झोंबतं. बाटलीच्या मागचं वाचून बिनवासाचं जेल निवडावं.

काकडीचा कीस फडक्यात गुंडाळून ठेवला तर गारवा देतो, त्यात हरकत नाही. चंदन सहाणेवर उगाळून लावणं जुनं आहे. खरं चंदन असेल तर कातडीला थंड वाटतं, पण लेप वाळून ताणायच्या आत धुऊन टाकावा. मुलतानी मातीचंही तेच. ती पूर्ण वाळू दिली तर पोळलेल्या कातडीतला ओलावा शोषून घेते आणि काढताना घासावी लागते. घरचं ताजं ताक किंवा दही अखंड कातडीवर दहा मिनिटं लावून धुतलं तर चालतं. फोडावर मात्र अजिबात नको.

तुपाबद्दल नेहमी विचारतात. माझी आजी उन्हाळ्याच्या तोंडाशी तांब्याच्या परातीत गाईचं तूप घेऊन बसायची. थंड पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी घालायचं, असं शंभर वेळा. शेवटी तूप पांढरंशुभ्र, हलकं, बिनचिकट होतं. हे शतधौत घृत. दाहावर ते मी आजही वापरते, पण पहिल्या दिवशी नाही. दाह उतरल्यावर, कातडी कोरडी पडून सोलायला लागते तेव्हा, म्हणजे साधारण चौथ्या दिवसापासून ते उपयोगी पडतं. खोबरेल तेलाचंही तेच. आग होत असलेल्या जागेवर साधं तूप किंवा तेल थापलं की वर स्निग्ध थर बसतो आणि उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. आणि खोबरेल लावून समुद्रात उतरलं की ऊन बाधत नाही, हा समज सोडायलाच हवा. त्याचं संरक्षण नावापुरतंच असतं.

सुटून येणारी साल ओढू नये. ती आपोआप गळू द्यावी.

आता लिंबाविषयी, कारण यातून होणारी इजा मी डोळ्यांनी बघते. लिंबाने काळपटपणा जातो म्हणून माणसं रस चोळतात आणि तसंच पुन्हा उन्हात जातात. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात, जी कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी आणखी भाजते. एक-दोन दिवसांनी रस ओघळलेल्या रेषांवर फोड उठतात आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. काळपटपणा घालवायला लावलेला रस तोच वाढवून जातो. अंजिराच्या चिकातही हाच गुण आहे.

बावचीत तर तो इतका तीव्र आहे, की कोडाच्या पांढऱ्या डागांवर वैद्य बावचीचं तेल लावून, मोजून ऊन देतात. तिथे ते औषध आहे, कारण प्रमाण आणि वेळ ठरलेली असते. तेच तेल "नैसर्गिक आहे, काय होतंय" म्हणून कुणी चेहऱ्याला लावून उन्हात गेलं तर पाण्याने भरलेले मोठे फोड येतात. ज्या वनस्पतीत गुण आहे तिच्यात अपाय करण्याचीही ताकद असते. हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलं जातं, आणि ते आम्ही वैद्यांनी लोकांपर्यंत पुरेसं पोचवायला हवं.

हळदीचा लेप दिला की सगळं पिवळं दिसतं, आणि खालची लाली वाढतेय की उतरतेय, फोड आलाय की नाही, हे कळायची सोय राहत नाही. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी, फेस आणणारं द्रव्य आणि पुदिन्याचा अर्क असतो. दातांसाठी केलेली वस्तू दातांवरच बरी. खायचा सोडा कातडीचा स्वाभाविक आम्लपणा बिघडवतो. बेसनाचं उटणं चोळून "टॅन काढणं" हे तर आधीच सोललेल्या कातडीवर घासकाम करणं आहे. आठवडाभर साबणही जपून वापरावा.

कधी घरी थांबू नये, तेही सांगते. मोठ्या भागावर फोड आले, ताप किंवा थंडी वाजून आली, उलट्या होत असतील, डोळ्यांत खुपत असेल, फोडातून पू येत असेल, तर डॉक्टरकडे जावं. वर्षाच्या आतलं बाळ भाजलं असेल तर लगेच न्यावं. माणूस असंबद्ध बोलतोय, अंग तापलंय, चक्कर येऊन पडला, तर तो उष्माघात समजावा. तिथे कोरफड शोधत बसायचं नाही. सावलीत आणून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. काही औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते. रक्तदाबावरच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मुरुमांवरची काही मलमं, डॉक्सिसायक्लिन ही त्यांतली. लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने कोकणात शेतकऱ्यांना डॉक्सिसायक्लिन दिली जाते, तेव्हा उन्हात अंग झाकायला सांगणं हे देणाऱ्याचं काम आहे. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

आतापर्यंत मी पर्यटकांबद्दल बोलले, कारण तेच दवाखान्यात येतात. जे रोज भाजतात ते येत नाहीत. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकायला सकाळपासून उभ्या असणाऱ्या कोळणी, मिठागरात चमकत्या पाण्यावर वाकलेले मजूर, रस्त्याच्या कामावर खडी पसरणाऱ्या बाया. एका मावशींच्या मानेवरची कातडी जाड, सुरकुतलेली, तांबूस झाली होती. मी उन्हाचं विचारलं तर म्हणाल्या, "अगो बाय, आमाला ऊन काय नवीन हाय का?" सावळ्या कातडीवर लाली सहजी दिसत नाही. ती जागा गरम लागते, ताठते, हात लावला की दुखते आणि मग अधिक काळी पडते. दिसत नाही म्हणून ते भाजणं नाहीच, असं सगळेच धरून चालतात, पुष्कळदा डॉक्टरसुद्धा.

या बायकांनी स्वतःचा उपाय शोधलेला आहे. कामावर जाताना साडीवर घरातल्या पुरुषाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट चढवायचा आणि पदराने डोकं, कान, मान झाकायची. उन्हापासून बचावाचं इतकं स्वस्त आणि इतकं उत्तम साधन मला दुसरं माहीत नाही. सनस्क्रीन चांगलंच आहे, परवडत असेल तर एसपीएफ ३० चं लावावं आणि दर दोन तासांनी, घाम किंवा पाणी पुसलं की पुन्हा लावावं. पण ते मिठागरातल्या मजुराच्या रोजंदारीत बसत नाही. त्याला हवी आहे घट्ट विणीची सुती बाही, रुंद काठाची टोपी आणि टेकायला सावली.

आणि सावली दिवसेंदिवस कमी होतेय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं. आमच्या जिल्ह्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, किनाऱ्यावरची सुरूची झाडं उन्मळून पडली. पर्यटकांची गर्दी मात्र परत आली. वाळूवर गाड्या, घोडे, बनाना बोटी आहेत; डोक्यावर काही नाही. १६ एप्रिल २०२३ ला आमच्याच जिल्ह्यात, खारघरच्या उघड्या मैदानात, महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेली माणसं तासन्‌तास उन्हात बसली आणि उष्माघाताने १४ जण गेले. ती घटना उष्माघाताची होती, कातडी भाजण्याची नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण माणसांना भरदुपारी उघड्यावर बोलावतो, कामाला लावतो, खेळायला सोडतो, आणि सावलीची सोय ज्याची त्याने करावी असं मानतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचं पाणी, मुलांसाठी आणि विश्रांतीसाठी सावली, प्रथमोपचार पेटी द्यायला सांगितलं होतं. म्हणजे सावली ही मजुराला द्यायची गोष्ट आहे हे आपल्याला कळलेलं होतं. ते खाजगी बांधकामाला, मिठागराला, किनाऱ्याला लागू व्हायला काय हरकत आहे?

किनाऱ्यावरच्या पुष्कळ ग्रामपंचायती पर्यटकांच्या वाहनांकडून कर घेतात. त्या पैशातून तीन गोष्टी सहज होतात. झावळ्यांचे मांडव, दर थोड्या अंतरावर. बांबू आणि झावळी गावातच मिळते आणि बांधणारे हातही. गोड्या पाण्याचे नळ, जिथे अंग धुता येईल आणि बाटली भरता येईल. आणि एक फलक, ज्यावर दुपारी बारा ते तीन उघड्यावर थांबू नका, सावली आखूड असेल तर मांडवात या, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. मासळी वाळवण्याच्या जागी बायकांना बसायला तसाच एक मांडव हवा. आणि पडलेल्या सुरूच्या जागी पावसाळ्यात उंडी, करंज यांसारखी इथली झाडं लावायला हवीत, म्हणजे दहा वर्षांनी मांडव बांधावे लागणार नाहीत.

हे सगळं मागायची जागा ग्रामसभा आहे. १ मेच्या सभेत उन्हाचा विषय काढला तर उन्हाळा निम्मा सरलेला असतो. २६ जानेवारीच्या सभेत काढला, तर ठराव, निधी आणि बांधकाम होऊन मार्चअखेर मांडव उभा राहू शकतो. मी माझ्या गावात तो विषय लेखी देणार आहे. किनाऱ्यावरच्या, मिठागरांच्या आणि शेतमजुरांच्या प्रत्येक गावातल्या वैद्यांनी, डॉक्टरांनी आणि आशाताईंनी तो आपापल्या सभेत द्यावा, एवढी विनंती आहे.